आईच्या डाव्या हाताची धमनी

आमच्या घरात एक नियम आहे. मोठी माणसं ठरवत असताना पोरींनी 'का' विचारायचं नाही. मी फार्मसीची पदवी घेतली तरी नियम तोच! न विचारलेले 'का' साठत जातात आणि त्यांचे किस्से होतात. आईच्या बायपासने तर ढीगच लावला.

*

आईच्या छातीत दुखायचं, ते केदारखेड्याच्या आत्याच्या मते गॅसमुळे. ओवा झाला, सोडा झाला. एक दिवस आई घामाघूम होऊन उंबऱ्यातच बसली. आत्या म्हणाली, "बघ, आता निघून राह्यलाय!"

अँजिओग्राफीत हृदयाच्या तीन नसा बंद निघाल्या.

"तीन?" आत्या म्हणाली. "एवढा गॅस!"

*

सर्जनने घरच्यांना बोलावलं. मोठे काका उठले, त्यांच्यामागे माझे वडील, अप्पा. मला काका म्हणाले, "तू बस आईपाशी. आतलं बोलणं अवघड असतंय."

दहा मिनिटांत दोघं बाहेर.

"काय म्हणाले?"

"इंग्रजीत होतं सगळं. आम्ही हो म्हणून आलो."

मग मीच आत गेले. डॉक्टर चक्क मराठीत बोलले! आईचं वय सत्तेचाळीस. पायाची शीर जोडली तर काही वर्षांनी ती बुजायची भीती जास्त. म्हणून एक धमनी छातीच्या आतली आणि एक डाव्या हातातली घ्यायची, त्या दोन्हींतून तिन्ही नसांना जोड द्यायचा. त्या जास्त टिकतात.

*

त्याआधी हात तपासतात. डॉक्टरांनी आईच्या मनगटावरच्या दोन्ही नाड्या दाबल्या, मूठ आवळून उघडायला लावली. तळवा पांढराफटक. मग एक नाडी सोडली, तळवा पुन्हा लाल. म्हणजे एका नाडीवर हात चालतो.

पण आत्या पांढऱ्यावरच बाहेर पळाली होती! तासाभरात राजूरपर्यंत बातमी गेली, "वहिनीचा हात गेला!"

*

नर्सने बांगड्या उतरवायला सांगितल्या. आत्या आडवी आली. "सवाष्णीचा हात उघडा? माझ्या भावाचं आयुष्य कमी होईल!"

"आणि नाही उतरवल्या तर आईचं?"

"तिचं डॉक्टर बघतील की!"

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काका खुर्ची ओढून आईच्या पलंगाशी बसले.

"ठरलं. हाताची न्हाई, पायाची नस घ्यायची. कापूस वेचणी तोंडावर आली. दहा माणसांच्या भाकरी असत्यात. हाताला काही झालं तर थापणार कोण?"

"बराबर हाय," अप्पा म्हणाले.

"पायाचं काय, चुलीपुढं बसूनच असतंय," आत्या म्हणाली.

आई छताकडे बघत होती.

काका माझ्याकडे वळले. "जा, डॉक्टरला सांगून ये. तुझं ऐकत्यात ते."

"न्हाई सांगणार."

"काय म्हणलीस?"

"न्हाई सांगणार. हात आईचा आहे, हृदय आईचं आहे. तिला विचारलं का कुणी?"

तिघांनी आईकडे पाहिलं. बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच. आईने डावा हात चादरीबाहेर काढला आणि म्हणाली, "ह्याच हाताची घेऊ द्या."

"मंग भाकरी?" काका म्हणाले.

"या खोलीत आईचे सोडून तुम्हा तिघांचे सहा हात आहेत, काका. सगळे धडधाकट!"

काका आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. आत्याने आपले हात पदराखाली घेतले.