शनिवारचा फोन

उज्जैनात एसी फॅमिली हॉल नवे नवे निघाले तेव्हाची गोष्ट. त्याआधी आम्ही बायका हळदीकुंकवाला भेटायचो, एकमेकींच्या चकल्यांना नावं ठेवायचो आणि घरी जायचो. मग नवऱ्यांचे पगार वाढले, घरोघरी केबल आली, आणि आमच्यातल्या बँकवालीने फर्मान काढलं की आता रविवारी दुपारी फ्रीगंज बाजारातल्या हॉटेलात जेवायचं, फक्त बायकांनी. नवऱ्यांना काय, सकाळचे पोहे-जलेबी पुरतात म्हणे दुपारपर्यंत.

आम्ही पाच जणी. बँकवाली वयाने मोठी, नवरा मॅनेजर, म्हणून मेनू कार्ड कायम तिच्याच हातात. तिला सगळ्या वहिनी म्हणायच्या. रेल्वेवालीचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग करत होता, निदान ती तसं सांगायची. कॉलेजवालीचा नवरा प्रोफेसर, घरी शिकवण्या घ्यायचा. चौथी बँकवालीची भिंतीला भिंत लागून शेजारीण, गरीब गाय बिचारी, सगळ्यांचं उष्टं हसू हसणारी. पाचवी मी. शाळेत शिकवत होते, नवरा मुंबईला.

मुंबईला. दोन वर्षं मी हा एक शब्द जपून वापरला. सरकारी नोकरी सोडून तो प्रायव्हेट कंपनीत गेला होता. खोली मिळाली की बोलावतो म्हणाला. खोली मिळाली, आणि ऑफिसातल्या एकीबरोबर त्याने तिथे संसारही मांडला. हे मला आणि आईला ठाऊक. बाकी जगाला मी सांगायचे की दर शनिवारी संध्याकाळी ह्यांचा फोन येतो, फ्रीगंजच्या एसटीडी बूथवर. तो बूथ रेल्वेवालीच्या मावसभावाचा निघाला. मला ते कळलं तोवर माझे कितीतरी फोन सांगून झाले होते.

म्हणजे फोन येत नाही हे चौघींनाही पक्कं माहीत होतं. पण तसं बोलून कोण दाखवणार? सूप आलं की बँकवाली कोपरं टेबलावर टेकवून विचारायची, मग, काल काय म्हणाले मुंबईकर? मी सांगायचे, ह्यांनी फ्रिज घेतला. रेल्वेवाली रंग विचारायची. मी लाल म्हणायचे. दोन रविवार गेले की तीच, अगं त्या निळ्या फ्रिजचं काय झालं, असं विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. कॉलेजवाली नॅपकिन तोंडाला लावून खोकायची. खोकला कसला, हसू आवरत नव्हतं सटवीला. मी मात्र मंच्युरियन चावत फोन रंगवत बसायचे. फुकटची करमणूक, वर माझं बिल मीच भरायचे.

जायचीस कशाला, असं कोणी विचारेल. जात होते बहिणीसाठी. बँकवालीच्या धाकट्या दिरासाठी माझ्या बहिणीची पत्रिका गेली होती. जुळली होती. मुलगी बघून झाली होती, कळवतो म्हणाले होते. आमच्या गावात मराठी घरं मोजकी, त्यात कायम नोकरीचा मुलगा म्हणजे देवच पावला. मला नवऱ्याने टाकलंय हे लोकांना माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत बोललं जाणं वेगळं. एकदा बोललं गेलं की टाकलेलीची बहीण कोण करून घेणार? कोणी बोलत नव्हतं तोवर आशा होती.

मध्ये एकदा हात धुताना शेजारीण माझ्या कानाशी लागली. दिराला फिट येतात, घरातल्यांनी लपवून ठेवलंय, विचार करून दे बाई मुलगी, आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस. त्या टेबलावर माझ्याशी माणसासारखं वागणारी ती एकटीच. मी मान डोलावली आणि परत येऊन गुलाबजाम खाल्ला. स्थळ काही सोडलं नाही. फिट येणारा नवरा निदान घरात तरी असतो.

दिवाळीच्या आधीचा रविवार. बँकवालीने नानच्या टोपलीशेजारी पेढ्यांचा डबा ठेवला. दिराचं ठरलं. कोणाशी, तर कॉलेजवालीच्या भाचीशी! कॉलेजवाली अशी लाजली की जणू हिचंच ठरलंय. याद्या होऊनही महिना झाला होता. महिनाभर ह्या दोघी माझ्या समोर बसून माझे फोन ऐकत होत्या.

"तुला सांगणारच होते गं," बँकवाली म्हणाली, "पण तुझे फोन ऐकण्यात इतकी मजा यायची ना, की राहूनच गेलं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पेढा गिळला आणि यावेळी कोणी विचारायच्या आधी मीच सुरू केलं. काल ह्यांचा फोन आला होता, तुमच्या सगळ्यांबद्दल बोलले. शाळेत कानावर आलेलं सगळं मी ह्यांच्या तोंडी घातलं. रेल्वेवालीला म्हटलं, हे म्हणत होते, मुलाला कुठेच ॲडमिशन मिळाली नाही हे आता सांगून टाका, पुण्यात तो मेडिकलच्या दुकानात बसतो. कॉलेजवालीला म्हटलं, सरांना सांगा म्हणे, शिकवणीच्या मुलींना एकेकटीला बोलावू नका, पोरी बाहेर बोलतात. दोघी पांढऱ्याफटक पडल्या. खोटं आहे म्हणायची सोय नव्हती. तसं म्हणायचं तर फोन येत नाही हे आधीपासून माहीत होतं, असं कबूल करावं लागलं असतं. मला इतकी भूक त्या हॉलमध्ये कधी लागली नव्हती.

मग बँकवालीकडे वळले. म्हटलं, हे म्हणाले, बरं झालं आपली मुलगी वाचली, त्या मुलाला फिट येतात.

कॉलेजवालीने पेढा खाली ठेवला. वहिनी, हे खरंय का, असं ती हळूच म्हणाली. बँकवालीने तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडेही नाही. ती शेजारणीकडे वळली. भिंतीपलीकडचं दुसरं कोणाला माहीत असणार?

शेजारणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, घाबरू नकोस, फोनवर कळलं असंच मी म्हणणार आहे. खरंच म्हणणार होते.

"मी नाही काही बोलले वहिनी," ती म्हणाली. "आणि हिचं काय मनावर घेता? हिला फोन येतो तरी का? नवऱ्याने टाकलंय हिला. दोन वर्षांत एक फोन नाही आला. जसा फोन मनाचा, तशा फिटही मनाच्या."

वेटर फिंगर बाऊल ठेवून गेला. बँकवालीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तिने डबा शेजारणीपुढे सरकवला आणि म्हणाली, घे गं, तू अजून घेतलाच नाहीस. तिने घेतला.

आठवडाभरात फ्रीगंजपासून राम घाटापर्यंत, मला टाकलंय ही बातमी पोचली नाही असं एकही मराठी घर उरलं नाही. दिराचं लग्न थाटात झालं. माझ्या बहिणीचं पुढच्या वर्षी झालं. नवरा बिजवर, दोन पोरींचा बाप, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याच्याशिवाय दुसरं कोणी विचारायलाच आलं नव्हतं. मी त्या चौघींना पत्रिका दिल्या, आणि चौघीही आल्या. एका ओळीत पंगतीला बसल्या, पोटभर जेवल्या. शेजारणीने श्रीखंड दोनदा मागून घेतलं. दोन्ही वेळा मीच वाढलं.