दोन सुतांचा ढाळ

नव्या चारचाकीच्या पुढच्या काचेमागे, आरशाच्या पाठीशी, बोराएवढा एक कॅमेरा असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची वाहनं, कडेनं चालणारी माणसं हे सगळं तो बघत असतो, आणि कुणी आडवं आलं तर चालवणाऱ्याच्या आधी ब्रेक लावतो. गाडी ठोकली, काच बदलली, की सरळ म्हणजे कुठं हे त्याला पुन्हा शिकवावं लागतं. ते माझं काम. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. नांदेडला शिकले, पुण्यात हे काम शिकले आणि आता यंत्र घेऊन परभणी जिल्ह्यातल्या गॅरेजांत फिरते. इतक्या गाड्या झाल्या, तरी त्या डोळ्यासमोर उभी राहिले की मी आजही जरा दबूनच असते.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. ताडकळसला रोज गाडीनं शिकवायला जाणाऱ्या एका बाईंची गाडी वाटेत उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली होती. परभणीतल्या एका चाचांच्या गॅरेजात तिचं बॉनेट सरळ झालं, काच नवी बसली. चाचा डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवत आणि मला न दिसणारा खड्डा नेमका सांगत. त्यांचं काम संपलं होतं. माझं अडलं होतं.

गाडीसमोर मोजून ठरलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक उभा करायचा. गाडीचा मध्य दोरीनं आणि ओळंब्यानं फलकाच्या मध्याशी जुळवायचा. मग यंत्र कॅमेऱ्याला विचारतं, आणि तो फलक जिथं असायला हवा तिथं दिसला तरच होकार येतो. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा नकार आला.

"बेटा, तुझा कंप्यूटर रुसला काय?" चाचा म्हणाले. "तो पिवळा दिवा तेवढा बंद कर अन् दे गाडी. मॅडम चारला येणार हायत. त्यांना काय कळतंय?"

कॅमेऱ्यात दोष आहे हे दाखवणारा तो दिवा मला बंद करता आला असता, ती दोन मिनिटांची गोष्ट होती. पण गाडीबरोबर जो कागद जातो, त्यावर कॅमेरा सरळ बघतो असं लिहिलेलं असतं आणि खाली माझी सही असते. मला आमच्या शाळेचं मैदान आठवलं. गणिताच्या सरांनी तिथं फक्कीनं एक अंशाचा कोन आखून दाखवला होता. आमच्या पायाशी दोन रेघांत बोट घालायला जागा नव्हती, आणि मैदानाच्या टोकाला त्याच दोन रेघांमध्ये आमच्यातला एक जण आडवा झोपला होता. त्या सरांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मग मी जमीन तपासायला लागले. माझी वीतभर लेव्हल कोब्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध. चाचांना ते लागलं. "खाली काय बघतीस? तुझ्याच बापानं केलाय हा कोबा. बारा-तेरा साल झाले, एक चीर न्हाई!"

मला हे ठाऊकच नव्हतं. बाबा गवंडी, त्यांनी कुठं कुठं काम केलं याचा हिशेब घरात कुणीच ठेवला नव्हता. मी फोन केला. बाबा जवळच एका बांधकामावर होते. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं घेऊन अर्ध्या तासात आले. माझी लेव्हल हातात घेऊन हसले.

"ह्या वीतभर काडीनं वावर मोजतीस व्हय? अगं, मधी नाली हाय. दोन्हीकडून तिच्याकडं ढाळ म्याच दिलाय, दोन-दोन सुतांचा. गाड्या धुतल्या की पानी थांबू नये म्हणून."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गाडी नालीच्या अलीकडे होती, फलक पलीकडे. म्हणजे दोघंही एकमेकांकडे वाकून उभे होते, आणि कॅमेऱ्यानं ते तीनदा ओळखलं होतं. बाबांचं चोख काम मला आडवं आलं होतं.

"इतकं बारीक कशाला लागतंय पण?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की इथं एक अंश चुकला तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो.

बाबांनी नळीचं वेटोळं उलगडलं. "पावनेदोन मीटरात तर आख्खा मानूस चालतंय की गं," म्हणाले, आणि नळीत पाणी भरायला लागले.

एक टोक चाचांच्या हातात, एक बाबांच्या. दोन म्हाताऱ्या माणसांमध्ये गॅरेजभर पाणी हललं, डचमळलं आणि दोन्ही टोकांना एका उंचीवर थांबलं. त्याला ना बॅटरी, ना पडदा. बाबा त्या पाण्यापासून खाली जमिनीपर्यंत मोजत गेले; प्रत्येक चाकाच्या आणि फलकाच्या जागी खडूनं आकडे लिहीत गेले. आम्ही गाडी मागं घेतली, आकड्यांप्रमाणे फरशीचे तुकडे आणि प्लायचे काप मांडले आणि गाडी हळूच त्यांवर चढवली. फलकाच्या पायाखालीही तसेच तुकडे सरकवले. दोरी, ओळंबा पुन्हा. मी बटण दाबलं. चाचाही श्वास रोखून उभे होते.

होकार आला.

मी बाबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते, हात मागं बांधून, देवळात बघावं तसं. "येवढुशा डोळ्याला दोन सूत कळले?" ते म्हणाले. मी मात्र नळीकडे बघत होते.

बाई चारला आल्या. आधी पर्स गच्च धरून बाहेरच थांबल्या. अपघातानंतर त्या गाडीत बसल्याच नव्हत्या. मग मला विचारलं, "आता नीट बघते ना गं ही?"

"हो मॅडम," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर कागदावर सही केली. बाबा नालीशी वाकून नळीतलं पाणी सोडून देत होते. ते पाणी कुठंही न थांबता निघून गेलं.