मागून न आलेली खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि ती जाऊन आता अकरा वर्षं झाली.

गोवा मुक्त होण्याआधी आमची नऊ स्वयंसेवकांची तुकडी होती. पुढे तिचा इतिहास मीच लिहिला. मी शाळामास्तर, माझंच अक्षर बरं, म्हणून. त्यात एक ओळ आहे – पण आधी आमची चालण्याची रीत सांगतो.

रानातून आम्ही एकामागून एक, न बोलता चालायचो. थोड्या थोड्या वेळाने सर्वांत मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा. ती खूण एकेका खांद्यावरून म्होरक्यापर्यंत जायची. खूण आली नाही, की सगळ्यांनी थांबायचं.

आमोणे गावचा सोमा नववा. मी आठवा.

त्या पहाटे पोर्तुगीज शिपाई आमच्या मागावर होते. डिचोलीकडच्या काजूच्या रानात दाट धुकं होतं, आणि सोमाचा पाय मुरगळला होता. एकदा मागून हळूच आवाज आला, ‘‘राव रे मात्सो.’’ जरा थांब, म्हणत होता. नंतर काहीच नाही. मी वाट पाहिली – किती? चार पावलं? मग माझी दोन बोटं मी पुढच्याच्या खांद्यावर टेकवली.

कुणी थांबलं नाही.

हद्दीपलीकडे आम्ही आठच निघालो. मी म्हणालो, सोमा घाबरून पळाला. पुस्तकातली ती ओळ हीच. तो घरी पोचला नाही, कुणाला सापडलाही नाही.

पुस्तक निघालं तेव्हा त्याची बहीण शेवंती ते पदराखाली धरून आली. ‘‘भाऊ, आमचो सोमा खराच पळालो?’’ मी होय म्हणालो. ती रडली नाही. उलट तिचा चेहरा उजळला! पळाला, म्हणजे कुठेतरी असेल. म्हणून पितृपक्षात म्हाळाला ती सगळ्या गेलेल्यांची पानं वाढते, सोमाचं कधीच नाही.

स्मारकापाशी दरवर्षी आम्ही रांगेत उभे राहतो. शेवटचा मी. माझ्यामागे कुणी नसतं – आणि खांद्यावर दोन बोटं टेकतात. ओली, गार. आता तर घरातही, भिंतीला पाठ लावून बसलो तरी. तुम्हाला म्हातारपणाचा भास वाटेल. वाटू दे.

म्हाळ परवा आहे. हा कागद घेऊन उद्या मी आमोण्याला शेवंतीकडे जातो आहे. पुस्तकातली ती ओळ खोडून त्या जागी एवढंच लिहिलं आहे :

सोमा पळाला नाही. मागून खूण आलीच नव्हती. पुढे गेली ती माझी बोटं.