सहलीचा फळा

सुरतच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीची सहल जाहीर करताना मी फळ्यावर दुखवट्याचा मजकूर लिहिला.

मुद्दाम नाही हो. गल्लीच्या तोंडाशी असलेला तो फळा कित्येक वर्षं मीच लिहितो, कारण माझं अक्षर वळणदार आहे असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि फळ्यावर येतं काय? आम्ही खानदेशातून इथे कापडाच्या लूमवर कामाला आलेली माणसं. गावाकडे कुणी वारलं की बातमी आधी फळ्यावर लागते: दहावं कधी, गंधमुक्ती कधी, गाडी किती वाजता निघणार. त्यामुळे जड शब्दांचा माझ्याकडे साठा मोठा.

सहल ठरली ती बायकोच्या हट्टानं. लग्न होऊन ती सुरतेत आली त्याला अठरा वर्षं झाली. डुमसचा समुद्र तासाभराच्या आत, पण तिनं अजून पाहिलेला नव्हता. दर वेळी मी "पुढच्या सुट्टीला" म्हणायचो. आता बसवाल्याची अट होती: गुरुवारपर्यंत तीस नावं द्या, नाहीतर बस दुसरीकडे जाईल.

खडू हातात घेतला. मौज, धमाल, मस्ती असलं काही लिहावं म्हटलं, पण ते शब्द बोटांच्या ओळखीचेच नव्हते. ओळखीचे होते ते धावत आले. 'सर्व आप्तेष्टांस कळविण्यात येते की, रविवारी सकाळी सात वाजता डुमस येथे जाण्याचे योजिले आहे. शिस्त पाळावी. खबरदारी घ्यावी. प्रत्येकाने आपली जबाबदारी ओळखावी. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' सवयीनं भोवती दुखवट्याची दुहेरी चौकटही काढली. लांब उभा राहून पाहिलं. अक्षर काय सुरेख आलं होतं!

संध्याकाळी शेजारची म्हातारी मावशी डोक्यावर पदर ओढून दुखवट्याला आमच्या दारावर बसायला आली. तिला वाचता येत नाही, पण माझी चौकट बरोबर ओळखते. बायकोच्या गळ्यात पडून तिनं हंबरडा फोडला, "कोण गया वं माय?"

बायकोनं आधी मला नीट बघून घेतलं. मी जिवंत होतो. मग म्हणाली, "कोनी गया नही, मावशी. आपुन फिराले जाई राहिनूत."

मावशीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "मंग हाऊ असा काब्र लिखस?"

असा का लिहितो? मी तिला अक्षर किती वळणदार आलंय तेच सांगू लागलो.

बुधवार उजाडला तरी नाव एकच, बायकोचं. दुपारी ती उठली, ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि तिरक्यातिरक्या अक्षरांत लिहिलं: 'समिंदर देखाले चाला. भाकरी ज्यानी त्यानी आना.'

गुरुवारी सकाळपर्यंत चौतीस नावं झाली. चार जण बाकड्यांच्या मधे बसायला तयार होते.

रविवारी बस निघाली. बायको खिडकीशी. मला राहवेना. पुढे जाऊन उभा राहिलो, दांडा धरला, घसा साफ केला आणि म्हणालो, "मंडळी, निघण्यापूर्वी दोन शब्द..."

मागून मावशी ओरडली, "बठ रे भो खाले! आमले आधी समिंदर देखू दे, मंग घाल आमनं दहावं!"