रोह्याला जाणारं ऊन

सूर्याशी घरोबा असलेला माणूस अख्ख्या पेण तालुक्यात एकच, आणि तो माझा धाकटा मामा. उभा जन्म मिठागरावर गेल्यामुळे ऊन तो चवीवरून ओळखतो. ओठांवर जीभ फिरवून दिवस कडक जाणार की कोवळा ते सांगतो, आणि बहुधा चुकतो. गच्चीवर सौर पॅनेल बसल्यापासून मिठागराचा सारा रिवाज त्याने वर नेला आहे. उजाडताच अनवाणी जाऊन काचांवरची धूळ तो ओल्या फडक्याने इतक्या हलक्या हाताने ओढतो, की जणू खाली मिठाची पहिली साय धरली आहे. चपला घालून वर येणाऱ्याला तो जिन्यातूनच परत पाठवतो. मामीच्या पोह्याच्या पापडांना पार कठड्यापाशी जागा मिळते, कारण त्याच्या मते पापडांची सावली पडते.

पण त्याचा खरा हट्ट पंख्याचा. भर दुपारी भिंती तव्यासारख्या तापतात, पापण्यांवर घाम खारट साचतो, तरी पंखा लावायचा नाही. मी एकदा बटणाकडे हात नेला, तर म्हणाला, "नको गो. उरलेली वीज तारेतून फुडं रोह्याला जाते. आक्काचा पंखा हाय त्याच्यावर."

"रोह्याला वारा, आणि मी हितं उकडतेय," मामी पापड लाटत म्हणाली.

आक्का म्हणजे माझी थोरली मावशी. रोह्याला एकटी राहते. भावाकडून तिने कधी काही घेतलं नाही. भाऊबीजेची साडीसुद्धा कुणाच्या तरी हाती परत येते. तिच्या घरावर पॅनेल बसवून द्यायला मामा गेला, तेव्हा तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "माझ्या कौलांना त्यांचं ऊन हाय. माहेरचं काय नको."

"मामा, वीज अशी नाव घालून पाठवता येत नाही," मी म्हटलं.

"खाडीचं पाणी एका आगरात घेतलं का शेजारच्यालाबी पोचतं. तुला कविता कळतात, पाणी नाय कळत."

पुढे रोह्याला गेले असताना हा किस्सा मी मावशीला हसत हसत सांगितला. ती हसली नाही. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

त्यानंतर एका ढगाळ दुपारी मी पेणला असताना मामाचा फोन वाजला. कधीही आपणहून फोन न करणारी मावशी बोलत होती. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "काय रं, आज माझा पंखा हळू का फिरतोय? काचा पुसल्यास ना?"

आभाळ भरलेलं असताना मामा ओलं फडकं घेऊन गच्चीवर गेला. त्याची पाठ वळताच मामीने हळूच पंखा लावला, पण क्षणभराने उठून तो बंद केला, आणि पदराने वारा घेत बसली.