मावशीपुरती हवा

विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागात तो फिटर होता. नळ्या जोडायच्या, गळती शोधायची, संशोधक कागदावर काढतील ते उभं करायचं. आईमागे त्याला मावशीने वाढवलं. तिचा उभा जन्म दगडखाणीवर गेला आणि तिथली धूळ छातीत बसली. आता ती विजेवरच्या ऑक्सिजन यंत्रावर होती, लाइट गेली तर म्हणून एक सिलिंडर उशाशी, आणि त्यांच्या भागातली वीज म्हणजे रुसका जावई, कधी उठून जाईल नेम नाही.

म्हणून विभागात नवं यंत्र बनू लागलं तेव्हा त्याला हुरूप आला. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचा, तोही अगदी थोड्या विजेवर. लाइट गेली तरी बॅटरीवर चालायला हवं.

घरी सांगितलं तर मावशी धापा टाकत हसली. "एवढ्या शिकलेल्यांत वावरतोस, येताना पिशवीभर हवा आण की!"

यंत्र चाललं. त्याने धीर करून प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमना विचारलं, "हे घरी नेऊ का? मावशीसाठी."

मॅडमनी हातातली वही मिटली. "माणसावर चाचणी झालेली नाही हो. मध्येच ऑक्सिजन कमी पडला तर? परवानगी येऊ द्या. पहिलं तुमच्याच घरी."

म्हणणं रास्त होतं. यंत्र कुठे दगा देतं हे त्यालाही माहीत होतं.

परवानगीआधी अनुदान संपलं. मॅडमनी खूप हातपाय मारले. नवं काम मिळालं ते सुरक्षेचं: वीज गेली तरी विद्यापीठाच्या कुंपणावरचे कॅमेरे चालू राहायला हवेत. बॅटरी तर तयारच होती. यंत्रातून ती काढायचं काम फिटरवरच आलं.

"दुसऱ्या कोणाला सांगू का?" मॅडमनी विचारलं.

"नको. वायरी तोडून ठेवतील," तो म्हणाला आणि त्याने पाना उचलला.

उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली ती आलीच नाही. शेजारीण फोनवर म्हणाली, "सिलिंडर संपत आलाय, लवकर या." तो तेव्हा कुंपणापाशी कॅमेरा बसवत शिडीवर होता. तसाच निघाला. वाटेतल्या दुकानांत भरलेला सिलिंडर कुठेच मिळाला नाही. रिकाम्या हातांनी घरी पोचला.

मावशी भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडलेले.

"लाइट आली का रे?"

"येतेय मावशी. आलीच बघ."

तिने मान हलवली. पोरगं खोटं बोलतंय हे तिला कळत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

मॅडम भेटायला आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "मी यंत्राच्या अनुदानासाठी पुन्हा अर्ज करते," त्या म्हणाल्या.

"करा," तो म्हणाला.

त्यांनी केलाही. उत्तर आलं नाही. पुढे यंत्राची खोली कॅमेऱ्यांच्या सामानाला लागली, तेव्हा यंत्र मोडायला त्यालाच सांगितलं. चांगल्या नळ्या त्याने धुऊन बाजूला ठेवल्या. बाकीचं भंगारात गेलं.