पांढऱ्या कोटावरची बदकं

जाऊबाई,

तुम्हाला समोर बसवून काही सांगायला गेलं की तुम्ही मशीनचं पायडल दाबता. सोयीस्कर बहिरेपणा! म्हणून आधी लिहून काढते, मग वाचून दाखवीन. तेव्हा प्लग काढलेला असेल, हे आत्ताच सांगून ठेवते. तुमची गोष्ट परक्या बाईची सांगावी तशी सांगणार आहे. तीत धाकटी जाऊ म्हणून एक शहाणी येते, तिला कुठेही सांभाळून घेतलेलं नाही.

तर थोरली. शिक्षण सातवीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. दोघींचे नवरे गेले, मुलं लांब गेली, आणि तीन खोल्यांच्या घरात दोघी जावा उरल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली थोरलीचं घरगुती मशीन. त्याच्या डोक्यावरचं झाकण उघडून आत एक चकती बसवायची, चकतीच्या कडेला जसे दाते असतील तशी सुई डावी-उजवीकडे नाचते. अशा बारा चकत्या एका पत्र्याच्या डब्यात खुंट्यांवर ओळीने. अर्ध्या कामाच्या : कड उसवू नये म्हणून, ताणलं तरी तुटू नये म्हणून, काठ दुमडल्यावर टीप दिसू नये म्हणून. अर्ध्या नक्षीच्या : पानं, लाटा, चांदण्या, बदकं.

नक्षीच्या चकत्या थोरलीने चाळीस वर्षांत चार वेळा वापरल्या असतील. कोणी उशीच्या अभ्र्यावर वेलबुट्टी मागितली तर म्हणायची, “नक्षी मिरवते, टीप राबते. तुम्हाला झोपायचंय की मिरवायचंय?” तिची टीप कधी उसवली नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

म्हणूनच, थोरलीने ज्यांचे कोट शिवून पाठवले होते त्या दातांच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा धाकटीला आधी वाटलं, नंबर चुकलाय.

“बाई, कोट मिळाले,” तिथली मदतनीस म्हणाली, “पण त्यावर बदकं आहेत.”

“काय आहेत?”

“बदकं. निळी. खिशांवर आणि खाली घेरभर. डॉक्टर विचारतायत, आम्ही दवाखाना चालवतो की तळं?”

धाकटी तशीच उठून गेली. बाराच्या बारा पांढऱ्या कोटांवर, जिथे साधी निळी झिगझॅग हवी होती तिथे, एकामागे एक बदकं चालली होती. एका खिशावर सात. आणि टीप? नेहमीसारखीच, रेषेत, एक टाका इकडचा तिकडे नाही. वेंधळेपणाने झालेलं काम असं दिसत नाही. हे मन लावून केलेलं काम होतं.

धाकटीने तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेलं. कोटांचं गाठोडं कडेवर घेऊन घरी येईपर्यंत तिने तीन अनुमानं काढली, तिन्ही चुकीची : थोरलीने थट्टा केली, थोरलीला विसर पडू लागला, थोरलीचं डोकं फिरलं.

घरी थोरली मशीनशीच होती. गाठोडं पुढ्यात आपटून धाकटी म्हणाली, “जाऊबाई, हे काय?”

“कोट. परत का आणलेस? बटणं राहिली?”

“खिशावर काय आहे ते बघा.”

थोरलीने खिसा डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठा फिरवला. “झिगझॅग. तिसरी चकती. का?”

खिडकीतून भरदुपारचं ऊन थेट त्या खिशावर पडलं होतं.

धाकटीने डब्यातली तिसरी चकती काढून तिच्या तोंडासमोर धरली. “हिच्यावर नंबर काय छापलाय?”

“तीन.”

“दहा आहे, जाऊबाई.”

थोरलीचा चकतीकडे निघालेला हात अर्ध्यावर थांबला. मग ती हळूच म्हणाली, “त्या मेल्या दुरुस्तीवाल्याने डबा पुसला वाटतं.”

पुसलाच होता. गेल्या आठवड्यात मशीनचं तेलपाणी करताना त्याने चकत्या काढल्या, पुसल्या आणि डबा उलटा धरून पुन्हा ओळीने लावल्या. थोरली मोजून चकती उचलायची. तेलपाण्याने मशीनचा आवाज बदललेला, इस्त्रीने बोटांची टोकं केव्हाच निबर झालेली, त्यामुळे सुई वेगळी नाचतेय हे तिला कळलं नाही.

“कधीपासून?” धाकटीने विचारलं.

“उजवा डोळा गेलाच. डाव्यात फट आहे, दाराची असते तेवढी.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगून काय? मशीनवर कापड टाकून वर फुलदाणी ठेवली असती तुम्ही सगळ्यांनी. मग मी काय, फुलदाणीकडे बघत बसू? तीही दिसत नाही!”

धाकटी मशीनकडे बघू लागली. एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. सुईपाशी पट्टीवर चिकटवलेला जाड पुठ्ठा, ज्याच्या कडेने कापड सरकायचं. ती त्याला टापटीप समजत होती. नवं रीळ जुन्या दोऱ्याला गाठ मारून ओढून घेणं. ती त्याला आळस म्हणत होती. रोज सकाळी “सुई ओव गं, तुझे डोळे कॉलेजचे” हा टोमणा. त्यावर ती खूश होत होती. पुरावे रोज टेबलावर, आणि तर्कशास्त्राच्या बाईंना निष्कर्ष दिसेना!

दुसऱ्या दिवशी दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी बहुधा टिकेल. “मशीन चालवू?” थोरलीने एवढंच विचारलं. “फट आहे तोवर चालवा,” डॉक्टर म्हणाले. मग कागद चाळता चाळता सहज बोलले, “दोन वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलात की. पुढच्या तपासणीला बोलावलं होतं, आला का नाहीत?”

थोरली म्हणाली, “कामाच्या घाईत होते.”

धाकटी आठ दिवस बदकं उसवत बसली. चकत्यांच्या पाठीवर तिने खाचा पाडल्या, तिसरीला तीन, दहावीला दहा. थोरलीने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “शिकलेली बाई शेवटी कामाला आली.”

जाऊबाई, इथे गोष्ट संपते. आता माझं ऐका.

काल कपाटातलं एक जाड पुस्तक काढलं, दोन वर्षांपूर्वी अर्धं टाकलेलं. त्यात खूण म्हणून एक चिठ्ठी होती. डोळ्यांच्या दवाखान्याची. ‘मंगळवार, साडेदहा. डोळ्यांत औषध घालणार, सोबत माणूस आणावा.’ तुम्ही ती माझ्या हातात ठेवली होतीत, तेव्हा मी वाचत होते. मान वर न करता मी म्हणाले होते, “चष्म्याचा नंबर वाढला असेल. एवढ्याशासाठी मी काय हात धरून नेऊ?” तुम्ही “बरं” म्हणालात आणि मशीन सुरू केलंत.

चिठ्ठी मी पान चुकू नये म्हणून वापरली. त्या मंगळवारी आपण गेलो नाही.